अर्धी आत्या दाखवता येत नाही

तीर्थरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं टेकली आहेत. उरलेली दोन वजावट समज. हा शब्द मी नवीनच शिकलोय, पुढे येईलच.) तुझी बस वेळेवर आणि तुझं ब्लडप्रेशर जागेवर असेल अशी आशा करतो. वहिनींचा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळं ठीक आहे. लोकांची घड्याळं बंद पडतात, त्यामुळे माझं दुकान चालतं. आत्याही मजेत आहे. तुझ्याकडचे सहा महिने संपवून माझ्याकडे आली तेव्हा होती तशीच आहे. फक्त तिला आता काहीच ऐकू येत नाही, आणि ती करणी माझी आहे.

त्याचं असं झालं, तिचं कानाचं मशीन खरखर करायला लागलं. आता जो माणूस बायकांच्या मनगटावरची शेंगदाण्याएवढी घड्याळं उघडतो, त्याला हे काय जड आहे, असं मला वाटलं. (बायको घरी असती तर तिने अडवलं असतं. पण ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत ड्यूटीवर होती.) मी ते दुकानातल्या टेबलावर उघडलं. आतून काहीतरी टुणकन उडालं, ते ना कपाटाखाली सापडलं ना माझ्या मिशीत. मशीन आता फक्त शिट्टी मारतं. आत्या मला काही बोलली नाही, उलट म्हणाली की बरं झालं, तुझे विनोद ऐकावे लागणार नाहीत. पण ती आता खिडकीकडे तोंड करून बसते आणि आपण हसलो की उशिराने हसते, नुसतं आपल्याला बरं वाटावं म्हणून. मला ते बघवत नाही.

मग बायकोने माहिती काढली की म्हाताऱ्या माणसांना कानाच्या मशीनसाठी सरकारी मदत मिळते. महिनाअखेरपर्यंत अर्ज करायचा आणि सोबत घरातल्या कर्त्या माणसाचं आयकराचं विवरण जोडायचं. ते आजवर शेजारचा झेरॉक्सवाला भरायचा आणि मी डोळे मिटून सही करायचो. पण तो दरवर्षी गिऱ्हाइकांसमोर "उत्पन्न एवढंच?" असं मोठ्याने विचारतो, म्हणून यंदा मी कानाला खडा लावला आणि स्वतः भरायला बसलो. तर दादा, त्यात समजायला अवघड काही नाही. वर्षभरात जे हाताला लागलं ते सगळं ढोबळ उत्पन्न. त्यातून विमा, औषधपाणी, पोसायची माणसं असं सरकारला पटेल तेवढं कमी करायचं, ती वजावट. उरतं ते करपात्र. आयुष्यात मला कोणी सहजासहजी पात्र ठरवलेलं नाही (बायकोच्या वडिलांनी तर तीन वर्षं घेतली), कराने मात्र पहिल्या फटक्यात ठरवलं. पुढच्या पानावर मदतीच्या योजना होत्या. तिथे बऱ्याच ठिकाणी मी अपात्र निघालो, म्हणजे जग पुन्हा ओळखीचं वाटायला लागलं.

अडलं ते 'अवलंबित व्यक्ती' या रकान्यात. मी बायकोचं नाव लिहिलं. तिने चहा ठेवला, तिची पगाराची स्लिप माझ्या फॉर्मशेजारी ठेवली आणि पेन माझ्या हातात दिलं. मी नाव खोडलं. (स्लिपवरचा आकडा पत्रात लिहीत नाही, तू वहिनींना सांगशील.) मग मी आत्याचं नाव लिहिलं, टपोऱ्या अक्षरात, आणि खरं सांगतो, माझी छाती जरा फुगली.

मदतीचे अर्ज घेणाऱ्या ऑफिसातल्या चार नंबरच्या खिडकीवरच्या बाईंनी ती फुगलेली छाती दोन मिनिटांत बसवली. आत्या आधीच दुसऱ्या कोणाच्या तरी फॉर्मात होती. दादा, ते कोणीतरी म्हणजे तू. मी बाईंना समजावून सांगितलं की ती सहा महिने तिकडे आणि सहा महिने इकडे असते, तेव्हा अर्धी त्याच्याकडे दाखवा, अर्धी माझ्याकडे. बाई म्हणाल्या की अर्धी आत्या दाखवता येत नाही, माणूस पूर्णच लिहावं लागतं. कुठल्या तरी एकाच घरात तिचं नाव राहिल्याशिवाय मशीन मिळणार नाही, आणि त्यासाठी त्यांना आत्याला स्वतः विचारायचं होतं.

म्हणून मंगळवारी आत्याला घेऊन गेलो. बाईंनी काचेला तोंड लावून, सगळी रांग वळून बघेल एवढ्या मोठ्याने विचारलं की आजी, तुम्ही कोणावर अवलंबून आहात? आत्याला त्यातलं 'अवलंबून' तेवढं पोचलं असावं. ती म्हणाली, "दोघं आहेत. मोठा जरा हट्टी आहे, धाकटा जेवायला रडवतो." रांग हसली. बाई हसल्या नाहीत, त्यांनी आत्याच्या टपाल खात्यातल्या पेन्शनची नोंद उघडली आणि पडदा माझ्याकडे फिरवला. अवलंबित: भाचे, दोन, वय वर्षं नऊ आणि सहा. आई-बाबा गेल्यावर तिने आपल्याला घरी आणलं, त्या वर्षीची नोंद. पुढे दर वर्षी तिने फॉर्म भरला, पण आपली नावं काही खोडली नाहीत. त्यामुळे आता मी आत्यावर अवलंबून, आत्या माझ्यावर आणि तुझ्यावर, तू पुन्हा आत्यावर, आणि तो बिचारा संगणक आपल्याभोवती गोल गोल फिरून थकला होता. घरी येताना मी तिला कागदावर लिहून विचारलं की खोडली का नाहीस. तिने खाली लिहिलं: कोणी सांगितलंच नाही की आता मोठे झाले.

असो. विशेष काही काम नव्हतं, सहज खुशाली कळवावी म्हणून चार ओळी लिहिल्या. वहिनींना नमस्कार, बस हळू चालव.

तुझा,
धाकटा (जेवायला रडवणारा)

ता. क. सोबत एक छापील कागद आहे. त्यावर फक्त सही करायची आहे: 'मी सदर व्यक्तीवर आता कोणत्याही प्रकारे अवलंबून नाही.' असे दोन कागद लागतात, तुझा एक आणि माझा एक. आणि तुझ्या फॉर्मातून आत्याला यंदा सोड. ती सुटलेली सूट मी तुझ्या घरातली सगळी घड्याळं फुकट दुरुस्त करून भरून देईन. (तुझं आधीचं घड्याळ अजून माझ्याकडेच आहे, हे मला माहीत आहे.) महिनाअखेरीला नऊ दिवस उरलेत.

ता. क. दोन: माझ्या कागदावर अजून सही झालेली नाही. तीन वेळा पेन उघडलं. काल सही करायला बसलो तर आत्याने शर्ट अंगातून काढायला लावला, तुटलेलं बटण लावून दिलं आणि अर्धी पोळी जास्त वाढली. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलंय की खोटी माहिती दिल्यास कारवाई होईल. दादा, तू मोठा आहेस. आधी तू सही कर.