शेपटीकडून

४ जानेवारी
विनिपेगला आल्याचं सार्थक झालं! नोकरी लागली, तीही भरपूर हीटर असलेल्या प्रयोगशाळेत. डॉक्टर लोर्ना इस्फेल्ड स्वतः उंच टाचा टकटकवत मला घ्यायला दारापर्यंत आल्या. माझ्या डोक्यातल्या तारा आणि छातीतलं यंत्र यांबद्दल मी अर्जात खरं तेच लिहिलं होतं. मेंदूला बारीकसा विद्युतप्रवाह देणाऱ्या त्या यंत्रानेच मला उदासीच्या अंथरुणातून उठवलं, लपवायचं कशाला? वाटलं होतं, बाई नाक मुरडतील. उलट म्हणाल्या, दवाखान्यात कशाला हेलपाटे घालतेस नेटी, यंत्राची तपासणी इथेच करत जाऊ. शिवाय रोज दोन ओळी रोजनिशी लिही, मन हलकं राहतं. वहीही त्यांनीच दिली. तपासणीची खोली बघितली. एक खुर्ची, एक काचेची खिडकी, दाराला आतून कडी. उगीच लावून पाहिली. टक्! काय बरं वाटलं म्हणून सांगू, अंगभर ऊब पसरली. नोकरीचाच आनंद, दुसरं काय.

१२ जानेवारी
उंदरांचा कारभारी डार्सी शार्त्राँ मला काम शिकवतोय. उंदराच्या मेंदूत केसाएवढी काचेची तार असते. त्याने हवी ती हालचाल केली की तारेतून निळा उजेड, आणि तो उजेड म्हणजे उंदराचा स्वर्ग. ओळीने चार हालचाली शिकवायच्या तर सगळ्यात शेवटची आधी शिकवायची. ती अंगवळणी पडली की तिच्याआधी एक जोडायची, मग तिच्याही आधी एक. डार्सीच्या भाषेत, शेपटीकडून.
एका उंदराला तो पाद्री म्हणतो. कधीतरी योगायोगाने उजेडाच्या वेळी त्याचे पुढचे पाय जुळलेले होते, तेव्हापासून गडी दरवेळी हात जोडतो. कुणी सांगितलेलं नाही. डार्सी म्हणाला, तुमच्या देवभोळ्या मेनोनाइट पंथातलाच दिसतो, विचार तुझ्या बहिणीला, नातेवाईक निघेल. मी पोट धरून हसले.
रविवारी स्टाईनबाखला बहिणीकडे, ग्रेटाकडे, फास्पाला म्हणजे दुपारच्या हलक्या खाण्याला गेले होते. ताजे बन, चीज, प्लमचा जॅम. ती दोन्ही हात जोडून लांबलचक प्रार्थना करते, तोवर कॉफी गार. म्हणाली, तजेला आलाय गं तुझ्यावर, कोणी भेटला की काय मेलीला?

२७ जानेवारी
डार्सीने आज हटकलं. तपासणीच्या खोलीबाहेर बूट काढून मोजेच घालून का उभी असतेस, फरशीवर गारठून मरायचंय का? मला सांगता येईना. बूट काढायचे, आत जाऊन कडी लावायची, बरं वाटतं. एवढंच. त्यात त्याच्या बापाचं काय जातं?
फास्पा चुकला. ग्रेटा म्हणते, फोन बंदच असतो तुझा. असतो खरा. बूट काढण्याआधी मी तो बंद करते. कधीपासून, आठवत नाही.

८ फेब्रुवारी
पाद्री मेला. समोर दाण्यांची वाटी काठोकाठ. खायला त्याला फुरसतच नव्हती. शेवटपर्यंत त्याच चार हालचाली, आणि मध्ये हात जोडणं. उचलला तर हाडं आणि कातडी.
घरी आरशात पाहिलं. माझ्या गळ्याची हाडं वर आलीत. डबा दोन दिवस उघडलेलाच नाही.

१० फेब्रुवारी
डॉक्टरबाईंना म्हटलं, यंत्राची तपासणी दवाखान्यातच करते. त्या हसल्या. म्हणाल्या, पिंजऱ्याला बाहेरून कडी लावली तर उंदीर दार कुरतडतो. आतून स्वतः लावतो तो कधीच कुरतडत नाही.
मी कडी लावून बसले होते. त्या काचेपलीकडे होत्या.

१३ फेब्रुवारी
डार्सीला काढून टाकलं. जाता जाता कानात म्हणाला, पळ.
आधी कडी. मग तिच्याआधी बूट. मग त्याच्याआधी फोन —
शेपटीकडून. मीच.

१४ फेब्रुवारी
रविवार. ग्रेटा मला न्यायला आलीय. खाली गाडीत बसलीय, हॉर्न वाजवतेय. म्हणाली, आज पोटभर जेवशील, मग थेट दवाखाना, हे यंत्र काढूनच टाकू. मी फक्त वही घ्यायला वर प्रयोगशाळेत आले. वही न्यायची, बस. मग उघडली कशाला? पेन कधी हातात —
फोनच्या आधी काय?
रोजनिशी. रोज लिहून पेन ठेवते, मग फोन बंद. वही त्यांनीच दिली होती.
म्हणजे लिहीत राहिले तर — पेन ठेवायचं नाही. ठेवलं की फोन, बूट, कडी. लिहीत राहायचं. काहीही. बन. चीज. प्लम. ग्रेटा, वर ये. ग्रेटा वर ये
हॉर्न थांबला. जिन्यावर कोणीतरी — ग्रेटाच असेल. टाचांचा आवाज. ग्रेटा तर हिवाळी बूट —
ऊब चढतेय. अजून काही केलंही नाही आणि
देवा. ग्रेटा म्हणते संकटात देवापुढे दोन्ही हात जोडावेत. दोन्ही. जोडायचे तर आधी पेन