फोन कोणाचाही आला नव्हता

९ जानेवारी २०१४, सकाळी
नवी वही. नवा निश्चय. यापुढे विमानाच्या तिकिटाला खिशातला एक डॉलर द्यायचा नाही.

शेजारचा रुडी हवाईहून परत आलाय. इथे टोलेडोत गुडघाभर बर्फ आणि हा टपालपेटीपाशी फुलाफुलांचा शर्ट घालून उभा. म्हणाला, विमानात पुढे बसलो, मागून पडदा ओढून घेतात, सगळं काचेच्या ग्लासात देतात. आणि फुकट! डोक्यात तिडीकच गेली. चाळीस वर्षं स्कूलबसची इंजिनं दुरुस्त केली मी, आणि पडद्याच्या पुढे बसणार हा, ज्याला साधं चाक बदलता येत नाही.

युक्ती मात्र काढून घेतली त्याच्याकडून. औषधाच्या दुकानात पाचशे डॉलरचं रिलोड कार्ड मिळतं, म्हणजे आधीच पैसे भरलेलं कार्ड. ते क्रेडिट कार्डावर घ्यायचं, वर चार डॉलर फी. तिथल्या खरेदीवर बँक डॉलरमागे पाच पॉइंट देते. मग रिलोडमधलेच पैसे फिरवून बँकेचं बिल भरायचं. पैसे आपलेच, नुसती गोल फेरी, आणि पॉइंट पदरात. एक लाख झाले की सिॲटलची, पडद्याच्या पुढची दोन तिकिटं.

तिथे आमच्या लेकीला, कोरिनला, १४ एप्रिलची तारीख दिलीय. पहिलं नातवंड. डोरीनला म्हटलं, तुझा गुडघा दुखतो ना, पडद्याच्या पुढे पाय पसरून नेतो तुला. म्हणाली, पडदा राहू दे, वेळेवर पोचव म्हणजे झालं. चाळीस वर्षांच्या संसारात तिला मोठा विचार जमला नाही तो नाहीच.

११ जानेवारी
दोन कार्डं घेतली. पण अपमान झाला.

काउंटरवर ओझेला नावाची बाई आहे. सत्तरीची, चष्मा साखळीला, सगळ्यांना 'बाळा' म्हणते. मी चौसष्ट वर्षांचा आहे. कार्डं उलटीसुलटी करून म्हणाली, बाळा, तुला कोणाचा फोन आला होता का? अशी कार्डं घेऊन नंबर सांग नाहीतर पोलीस येतील, असं कोणी म्हणालं? नाही, म्हटलं. फोनवर एखादी बाई भेटली का? रांगेत मागे आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी उभी. तिने कान टवकारले.

फोन कोणाचाही आला नाही, असं सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

२० जानेवारी
कार्डांचा स्टँड रिकामा. काल रिकामा, परवा रिकामा. आज सकाळी सव्वासातलाच गेलो तर रुडी बाहेर पडत होता. म्हणाला, खोकल्याचं औषध घ्यायला आलो होतो. खोकला! एकदा खोकून दाखव म्हटलं असतं, पण शेजारधर्म आड आला.

उद्यापासून साडेसहा.

२१ जानेवारी
दुकान सातला उघडतं.

३ फेब्रुवारी
बचतीचा आणखी एक मार्ग सापडला. फोनवर बोलताना दुसरा फोन आला की टक् टक् वाजतं, त्या सोयीचे महिन्याला चार डॉलर घेतात. बंद करून टाकली. चार डॉलर म्हणजे एका कार्डाची फी. असं डोकं चालवावं लागतं.

डोरीन म्हणाली, साधं तिकीट दोनशे नव्वदला आहे, आत्ताच घेऊन टाकू या. मी म्हटलं, तिकिटाला पैसे गाढवं देतात. ती म्हणाली, मग आपण गाढवं होऊ, पण जाऊ. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

१९ फेब्रुवारी, दुपारी
तळपायाची आग मस्तकात गेलीय. 

ओझेलाने आज मॅनेजरला बोलावलं. पोरगेला मॅनेजर, टाय वाकडा. त्याने मला बाजूला घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एक पत्रक हातात ठेवलं. 'वृद्धांची फसवणूक: लाजू नका, बोला.' वर एका म्हाताऱ्याचा रडवेला फोटो. ओझेला माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, बाळा, माझ्या भावानेही असंच कोणाला सांगितलं नाही. घर गेलं त्याचं.

मी उठून ओरडलो, अहो बाई, मला कोणीही फसवत नाहीये! मी बँकेला फसवतोय!

सगळं दुकान वळून बघायला लागलं. म्हटलं ते खरं होतं, पण जागा चुकली.

२७ फेब्रुवारी
अठ्ठावन्न हजार पॉइंट. कोण म्हणतं मी हरतोय?

डोरीनने रुडीच्या बायकोकडून माहिती काढली. पन्नास हजारांत दोघांची साधी तिकिटं येतात, अगदी आजच्या आज. म्हणाली, व्हर्लिन, झालं की काम, काढ ना! मी म्हटलं, अर्ध्या वाटेवरून परत फिरणारा माणूस मी नव्हे. निम्म्या किमतीत तिला मागे संडासाशेजारी बसवू? तिच्या गुडघ्याची काळजी इथे फक्त मलाच आहे.

रात्री ती शिवणाच्या मशीनवर विकायच्या रजया शिवत बसली होती. माझं ताट झाकून ठेवलं होतं. दमली असेल.

२२ मार्च
ब्याण्णव हजार!! आणखी चार कार्डं. फक्त चार. रुडीचे अजून सत्तरसुद्धा नाहीत.

२४ मार्च
बँकेचं पत्र. 'असामान्य व्यवहार आढळल्यामुळे' खातं बंद. पॉइंट गोठवले आहेत.

चोराच्या उलट्या बोंबा! नियम त्यांचे, दुकान त्यांना चालतं, कार्ड त्यांना चालतं, आणि मी डोकं चालवलं की ते असामान्य. उद्या फोन करून एकेकाला सरळ करतो.

२५ मार्च
बँकेच्या फोनवर एक तास दहा मिनिटं नुसतं संगीत. ठेवून दिला.

३१ मार्च
डोरीन सिॲटलला गेली. रजया विकून साठवलेल्या पैशांतून तिकीट काढलं, चारशे बाराला. मधली सीट. विमानतळावर म्हणाली, तुझंही काढते, चल ना. मी म्हटलं, बँकेशी माझी तत्त्वाची लढाई आहे. तारखेला अजून दोन आठवडे आहेत, येतो मागोमाग. म्हणजे पुढे बसून.

ती म्हणाली, निदान फोनजवळ राहा.

डबाबंद सूप बरं लागतं. सवय नाही एवढंच.

९ एप्रिल, संध्याकाळी
आज ठरवूनच बसलो. सकाळी अकराला फोन लावला. दोन तास चाळीस मिनिटं कानाला लावून होतो, पण हटलो नाही. शेवटी एक बाई आली. गोड बोलली. म्हणाली, साहेब, ही कार्डं तुम्ही कोणाच्या फसवणुकीला बळी पडून घेतली असतील तर एक फॉर्म पाठवते, पॉइंट परत मिळू शकतील. पण स्वतःच्या मर्जीने घेतली असतील तर मिळणार नाहीत.

तिला म्हटलं, लिहून घ्या, व्हर्लिन स्टँबॉला फसवणारा अजून जन्मायचा आहे. चांगलं सुनावलं. ती म्हणाली, तरी फॉर्म पाठवतेच. धाडकन फोन ठेवला. फार बरं वाटलं.

तेवढ्यात दार वाजलं. रुडी. त्याच फुलाफुलांच्या शर्टात. म्हणाला, कुठे होतास तू? डोरीन दीड तास फोन लावतेय, सारखा एंगेज. शेवटी तिने मला केला. मुलगी झाली. पाच दिवस आधीच. पहिला आवाज आजोबांनी ऐकावा म्हणून बाळाच्या तोंडाशी फोन धरला होता म्हणे.

मग काय केलं, विचारलं. रुडी खाली बघत म्हणाला, मी ऐकला.

ती टक् टक् वाजणारी सोय. चार डॉलर.

१० एप्रिल
काही लिहायचं नाही.

१४ एप्रिल
फॉर्म आला. घेऊन ओझेलाकडे गेलो. विकत घेतल्याची खूण म्हणून दुकानाची सही लागते. तिने आज फोनबद्दल विचारलं नाही. मीच सांगितलं, आला होता, पण एंगेज होता. ती काउंटर सोडून बाहेर आली, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, लिही बाळा, मी आहे.

फसवणाऱ्याचं नाव, माहीत असल्यास. लिहिलं: व्हर्लिन स्टँबॉ. तिने वाचलं. हसली नाही. त्याने तुम्हाला कोणतं आमिष दाखवलं? लिहिलं: पडदा. एकूण नुकसान? ती जागा मोकळी सोडली.

मग तिच्याच समोर दुकानातल्या फोनवरून उद्याचं तिकीट काढलं. पाचशे अडतीस. शेवटची रांग, संडासाशेजारी. स्वतःच्या पैशांनी.

फॉर्मचा शेवटचा प्रश्न होता: त्या इसमाशी तुमचा अजून संपर्क आहे का? मी लिहायला घेतलं: रोज सकाळी, दाढी करताना.

ओझेला म्हणाली, एवढं लांबलचक नको बाळा, 'होय' पुरे.

'होय' लिहिलं.