पाकटाला भरवलेली कोलंबी

मंगळवार, संध्याकाळी साडेसात

कामावरून आले तर सासूबाईंचा हात मनगटापर्यंत फिशटँकमध्ये! तेच वाकडं बोट. तुळिंजच्या बाजारात मासळी विकायच्या, तेव्हा पाकट माशाच्या शेपटीचा विषारी काटा घुसून वाकडं झालेलं. नवऱ्यानं हौसेनं गोड्या पाण्यातलं छोटं पाकट घरी आणलं, तेव्हा याच म्हणाल्या होत्या, "पयले त्याची शेपटी छाट." आणि आज त्याच वाकड्या बोटानं त्याला सोललेली कोलंबी भरवत होत्या. पाकट तळहातावर पसरलेलं, शेपटीच्या काट्यासकट! मी किंचाळलेच. त्यांनी मानही वळवली नाही.

"वरडू नको. जेवतंय ते."

किती हळू म्हणाल्या. सहा वर्षं मीही जेवतेय या घरात. माझ्यासाठी हा आवाज कधी निघाला नाही.