मावशी लाजायलीय, मी न्हाई

प्रिय अक्का,

पत्र तुझ्या नावाचं, पण उद्या ते मी माझ्या बी.पी.एड.च्या, म्हणजे खेळाचे शिक्षक होणाऱ्या, विद्यार्थ्यांपुढे वाचणार आहे. स्नेहसंमेलनात खुर्च्या उचलायला ज्यांची आठवण होते आणि परीक्षा जवळ आली की ज्यांचा तास गणिताला जातो, त्यांच्यापुढे! हे दुखणं तुझंही होतं ना?

आजच लिहायला बसलो ते माझ्या विद्यार्थिनीमुळे, सुजातामुळे. पिंगळीच्या शाळेत तिचा सरावपाठ होता, मी निरीक्षक. जाताना एसटीत एका आजीनं तिला विचारलं, "शाळेत शिकवतीस? कोणता विषय गं, बाई?" शिट्टी मुठीत लपवून ती पुटपुटली, "मराठी."

तू आठवलीस! तुला बघायला पाहुणे आले होते. मावशी त्यांना म्हणाली, "शिक्षिका आहे," आणि विषय गिळून गेली. चहाचा ट्रे खाली ठेवत तू म्हणालीस, "शारीरिक शिक्षण शिकवते. मावशी लाजायलीय, मी न्हाई."

अख्ख्या मानवत गावाला विषय ठणकावून सांगणारी तू, गुडघा दुखतोय हे मात्र कुणालाच सांगितलं नाहीस. मलासुद्धा नाही?

तर पिंगळी. सुजातानं पांढऱ्या फक्कीनं खो-खोचं मैदान आखलं, मुली आखलेल्या चौकात बसल्या, तेवढ्यात मुख्याध्यापक आले. "मॅडम, हा तास गणिताला द्या. खेळच तर हाय."

सभा गाजवणारी माझी जीभ वळवळली. पण तास तिचा होता.

सुजाताचा आवाज कापला, पण ती हलली नाही. "सर, झपाट्यानं वळायचं कसं, पडलं तर लागू न देता पडायचं कसं, ते शिकवायलेय. ह्ये बी शिक्षणच हाय. बघा तरी."

"सर, तुमीबी बसा की चौकात!" एक मुलगी ओरडली. हशा पिकला. मुख्याध्यापकही हसले आणि घंटा होईपर्यंत लिंबाखाली उभे राहून पाठ बघत राहिले.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, "कोणता विषय, मॅडम?"

"शारीरिक शिक्षण!"

मागच्या बाकावरचे झोपलेले जागे झाले, अक्का! शिट्टी तिच्या गळ्यात होती. छाती माझी फुगली. तू तिथं असतीस, तर तुझीही फुगली असती ना?

शब्द देतो, सरावपाठाचा तास कुणी मागायला आलं, तर मी विद्यार्थ्याच्या पाठीशी उभा असेन. उत्तर मात्र त्याचंच असेल.

आणि पोरांनो, उद्या एसटीत कुणी विषय विचारला, तर मान वर करून पूर्ण नाव सांगा: शारीरिक शिक्षण!

तुझ्या शिट्टीवर धावायला शिकलेला,
मिलिंद