एकोणचाळीस पत्ते

धाकट्या,

तुझा प्राण्यांच्या पत्त्यांचा डेक जुळवून टेबलावर ठेवलाय. लांडगे सहा, अस्वलं दोन, घुबड राहू दिलं. चाळीस हवेत, एकोणचाळीस भरतील. कासव मी घेऊन जातेय. नवी नोकरी दुसऱ्या शहरात आहे. परत येणार नाही.

कासव हल्ला करत नाही, सोबत्याचे घाव अंगावर घेतं. म्हणून तू त्यावर पेन्सिलीने 'ताई' लिहिलंस. तुझे मित्र हसले, मीही हसले. या खेळात सगळे मिळून जिंकतात नाहीतर सगळे मिळून हरतात, हे तू मला समजावलंस, तेही बाबांच्या खोलीतला आरडाओरडा ऐकू येऊ नये म्हणून दार लावून घेऊन.

बाबा सहाला उठतात. आधी गोळी, मग चहा. काठी त्यांच्या डाव्या हाताला ठेव, त्या हाताचा नेम चुकतो. 'ताई बघेल' म्हणायची सवय आता मोड.

मलम फ्रिजवर आहे, अर्धी ट्यूब उरलीय. आपल्याच पाठीवर आपला हात पोचत नाही, हे मला तीन वर्षांपूर्वी कळलं. तू लावायला मित्रांना बोलाव. सगळ्यांनी मिळून खेळायचं असतं ना.

ताई