उलटा फोन आणि आडवा फोन

सुभानपुरा, बडोदे
रविवार

चि. उत्कर्ष यास बडोद्याहून मोहनमामाचे आशीर्वाद. मामीचेही आहेत, पण तिनं ते डाव्या हातानं दिलेत, तेव्हा पोचताना थोडे वाकडे झाले असले तर सरळ करून घे.

तुझी मान आता कशी आहे? मंदाकिनीनं कळवलं की दिवसभर खाली बघून बघून मानेला पट्टा लागला. (साऱ्या जगाला फोनात माना घालायला लावणाऱ्या माणसाची स्वतःची मान धरली, हे मला कळवताना तुझ्या आईला वाईट वाटत होतं. मलाही वाटलं, पण तिच्याइतकं नाही.) पट्टा काढून ठेवू नकोस आणि उशी पातळ घे. माझी शुगर बरी आहे. गुडघे होते तिथेच आहेत, फक्त आता ते बोलतात.

पत्र कागदावर आलेलं बघून घाबरू नकोस. घरात दोन फोन आहेत आणि दोन्ही कामाला जुंपलेले आहेत. जूनमध्ये तू दोन दिवस येऊन व्यवस्था लावून दिलीस, तीच अजून चालू आहे. मामीला बोलवायचं झालं की ती अंगठीनं पलंगाचा कठडा वाजवते, ते टकटक तिच्या डाव्या अंगाला ठेवलेला जुना फोन ऐकतो, आणि मी गच्चीवर असो की दुधाच्या रांगेत, खिशातला फोन वायरीतून ते माझ्या कानात घालतो. वैशाखात तिचा उजवा हात, उजवा पाय आणि वाचा एकदम गेली, तेव्हापासून आमचा संसार या टकटकीवर चालतो. डोकं तिचं शाबूत आहे. माझ्यापेक्षा जास्तच आहे, ते तुला माहीत आहे. चार वर्षं कॉलेजला असताना तू तिच्याच हातचं जेवलास आणि तिच्याकडूनच बोलणी खाल्लीस.

तू कंपनीत नक्की काय करतोस हे मला इतके दिवस कळलं नव्हतं. मंदाकिनी म्हणते, फोनला भोक कुठे पाडायचं आणि बटण कुठे बसवायचं हे ठरवणाऱ्या मंडळींत तू आहेस. म्हणजे माझी तक्रार योग्य पत्त्यावर चालली आहे. रिफायनरीच्या कंट्रोल रूममध्ये मी चौतीस वर्षं काढली. तिथे सगळं बंद करायचं एक लाल बटण होतं. डोळे मिटूनही हात नेमका तिथे जावा आणि चुकून हात गेला तरी ते दाबलं जाऊ नये, अशा बेतानं बसवलेलं, वर झाकण, झाकणाला सील. ते कुणी बसवलं मला ठाऊक नाही, पण त्यानं आधी समोर एक माणूस उभा करून बघितला असणार. तुम्ही लोक फोन करताना माणूस उभा करून बघता का, एवढंच मला विचारायचं आहे.

जुन्या फोनचं घे. त्याला चार्जरचं भोक बुडाला. म्हणजे पोटात वायर असताना तो उभा राहू शकत नाही. (जेवताना बसता येणार नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही.) म्हणून मी त्याला स्टुलावर लाडवांच्या रिकाम्या डब्याला टेकवून आडवा ठेवतो. आडवा ठेवला की कुशीतलं बंद करायचं बटण बरोबर वर येतं, आणि त्याला नुसतं बोट लागलं की पडदा काळा होतो आणि तुझं ते ऐकायचं यंत्र झोपी जातं. भक्तीचं फडकं फिरलं, बंद. औषधाची बाटली टेकली, बंद. (भक्ती म्हणजे मामीचं करायला पादरा गावाहून सकाळच्या बसनं येते ती, तू गेल्यानंतर लागली.) मी रिफायनरीच्या पद्धतीनं बटणावर झाकण करायला गेलो. बाटलीचं बूच चिकटपट्टीनं लावलं, तर बुचाच्या भारानं बटण दाबूनच राहिलं आणि मी अर्धी सकाळ शांतता ऐकत भाजी निवडत होतो.

खिशातल्या फोनची कथा निराळी. त्यालाही कानातल्या वायरीचं भोक बुडाला. खिशात सरळ ठेवला तर पिन खालून दुमडते, म्हणून त्याला डोक्यावर उभा करून खिशात घालावा लागतो. डोक्यावर उभा केला की आवाज वाढवायचं बटण खाली जातं आणि कमी करायचं वर येतं. माणूस घाबरला की खालचं बटण दाबतो, कारण कमी म्हणजे खाली, हे लहानपणापासून हाताला ठाऊक असतं. हे ध्यानात ठेव, पुढे लागेल.

तिसऱ्या बंगल्यातले प्रतापसिंहराव गेले. तुला आठवत असतील. पणजोबा सरकारच्या फौजेत होते, आणि दर दसऱ्याला त्यांची तलवार ओट्यावर पूजेला मांडून हे शेजारी खुर्ची टाकून बसत, तेच. हार्ट अटॅक, आंघोळीला गेले ते आलेच नाहीत. आपले बडोद्याचे मराठी लोक तेरावाही घालतात आणि गुजराथ्यांसारखं लोकांनी तासभर भेटून जायचं बेसणंही ठेवतात, म्हणजे मेलेल्याला दोन्हीकडून निरोप मिळतो. बेसणं आठ दिवसांपूर्वी, शनिवारी पाच ते सहा, सोसायटीच्या हॉलमध्ये. मी पांढरा सदरा घातला, फोन डोक्यावर उभा करून खिशात घातला, वायरीची बोंडं कानात घातली आणि निघालो.

बेसण्याला कानात वायर घालून जातं का कुणी, असं तू म्हणशील. एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे पुन्हा विचारायला नको. वैशाखात ती पडली तेव्हा मी हिंचक्यावर झोके घेत मॅच ऐकत होतो, तू दिवाळीला दिलेली हीच बोंडं कानात घालून. ती अशी घट्ट बसतात की बाहेरचं काही आत येत नाही, डबीवर तसं छापलेलंच आहे. मॅच संपल्यावर चहा मागायला स्वयंपाकघरात गेलो. ती ओट्याखाली पडली होती आणि डाव्या हाताशी स्टीलची वाटी होती. वाटीचा काठ चेपलेला होता. म्हणजे ती वाजवत होती. किती वेळ, ते मला माहीत आहे, पण लिहीत नाही. चौतीस वर्षांत एक अलार्म माझ्या कानावरून गेला नव्हता, उत्कर्ष. तुझा यात दोष नाही, हे मी रोज स्वतःला सांगतो आणि बहुतेक दिवशी ते पटतं. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका कधीही येऊ शकतो आणि आला तर पहिला तास महत्त्वाचा. म्हणून वायर.

तर हॉलमध्ये शंभरेक माणसं पांढऱ्या चादरींवर बसली होती. टेबलावर प्रतापसिंहरावांचा फेटा बांधलेला फोटो, हातात तीच तलवार. एका बाजूला त्यांची पत्नी मथुराबाई, त्यांच्याशेजारी मुलगा धैर्यशील. फोटोपुढे जाताना मी बोंडं कानातून काढून हातात घेतली, चपला बाहेर काढतो तशी. दोन मिनिटांत काय होणार आहे, असं म्हटलं. फूल वाहायला वाकलो. वायर फुलांच्या परातीच्या काठाला अडकली. उठलो तेव्हा पिन परातीपाशी राहिली आणि फोन माझ्यापाशी.

आणि माझ्या छातीतून भक्ती बोलायला लागली. घरी ती मामीचे पाय चेपत बसली होती आणि करमणूक म्हणून जुन्या गोष्टी सांगत होती. आमच्याकडे येण्याआधी ती सहा वर्षं प्रतापसिंहरावांकडे कामाला होती, हे मी विसरलो होतो. विषय तोच निघाला होता, दिवसच तो होता. हॉलला ऐकू आलं ते असं: "तलवार काकांच्या हातात, ने काका डायनिंग टेबलवर उभे. मला म्हणतात, भक्ती, पहेलां तू जा. कशासाठी माहीत छे काकी? गरोळी. भिंतीवर एवढीशी पाल."

मी घाबरून सदऱ्यावरूनच बटण दाबलं. खालचं. दाबतच राहिलो. आवाज वाढत वाढत शेवटाला गेला, आणि टेबलावर उभे राहिलेले काका पालीला कुठल्या शिव्या देत होते तेही शंभर माणसांना नीट ऐकू आलं. शिव्या मराठी होत्या, पण बडोद्यात त्या सगळ्यांना कळतात. धैर्यशील उठून उभा राहिला. मथुराबाईंनी पदर तोंडावर घेतला आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

तेवढ्यात मामी हसली. आधी श्वास आत ओढल्याचा आवाज, मग दोन उचक्या, मग ते तिचं लांबत जाणारं हसणं. शेजारणी ज्याला भिंतीपलीकडून ओळखायच्या, तेच. शब्द गेले, पण हसणं जसंच्या तसं होतं. चार महिन्यांत ते मी ऐकलं नव्हतं, ते आहे की नाही हेही मला माहीत नव्हतं. फोटोपुढे उभा राहून मी ते सगळं ऐकलं. बटण सोडून दिलं. लोक म्हणतात की मोहनराव निर्लज्जासारखे उभे राहिले, आणि त्यांचं बरोबर आहे. शेवटी धैर्यशीलनं स्वतः माझ्या खिशात हात घालून फोन बंद केला.

सोसायटीत आता माझ्याशी कुणी फारसं बोलत नाही. एकट्या मथुराबाई चार दिवसांनी घरी येऊन गेल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, ती पाल नव्हती, सरडा होता, यांच्यावर उगाच आळ नको. मग मामीचा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या.

खरी शिक्षा झाली ती घरात. भक्तीला वाटत होतं, तो फोन फक्त टकटक ओळखतो. आपलं बोलणंही त्यातून जातं हे कळल्यापासून तिनं त्या खोलीत तोंड उघडलेलं नाही. पाय चेपते, पेज भरवते, कूस बदलते, सगळं मुक्यानं. मी तिला समजावलं, तर म्हणाली, "मने शरम आवे, काका." मामी आता भिंतीकडे तोंड करून असते. माझ्या कानात दिवसभर पंखा ऐकू येतो.

तरी एवढं मनावर घे: कानातल्या वायरीचं भोक वर आणा, म्हणजे फोन सरळ उभा राहील, बटणं सरळ राहतील आणि दुसऱ्या कुणाच्या बेसण्याची अशी शोभा होणार नाही. मंदाकिनीला नमस्कार सांग, आणि मानेला जप.

तुझा,
मोहनमामा

ता. क. भोकाचं सवडीनं कर. खरं काम वेगळंच आहे. पडदा काळा दिसेल, ऐकत असल्याचा तो हिरवा दिवा लागणार नाही, आणि तरी तो जुना फोन ऐकत राहील, असं काही करता येतं का? भक्तीला फोन बंद वाटला की ती बोलेल, आणि ती बोलली की मामी हसेल, आणि मला ते ऐकू येईल. मी काही चोरी करत नाही, माझ्याच बायकोचं हसणं मागतो आहे. येत असेल तर गुपचूप येऊन करून जा. तुझ्या आईला सांगू नकोस, ती मला चार शब्द सुनावेल.

ता. क. दुसरा, गुरुवार. पाकीट सापडेना म्हणून पत्र पडून राहिलं, ते एका परीनं बरंच झालं. सोमवारपासून रोज सकाळी अकराच्या सुमाराला कानातला पंखा बंद व्हायला लागला. जाऊन बघावं तर फोन काळा. मी भक्तीवर आवाज चढवला, तिनं आईची शपथ घेतली, मी ती मानली नाही. काल अकराला दार थोडं उघडं ठेवून बाहेर उभा राहिलो. भक्ती खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती, स्टुलाकडे तिची पाठ होती. मामीचा डावा हात कठड्यावरून हळूहळू स्टुलावर गेला. त्या डब्याला टेकवलेल्या आडव्या फोनचं वर आलेलं बटण तिच्या अंगठ्याखाली बरोबर आलं. तिला शोधावंही लागलं नाही. तेवढ्यात तिनं मला बघितलं. हात काढला नाही. माझ्याकडे बघत बघतच तिनं बटण दाबलं, पडदा काळा झाला, आणि मगच हात मागे घेतला. मग कठडा वाजवून तिनं भक्तीला काळा पडदा दाखवला.

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर फरशीवर बसलो. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. बऱ्याच वेळानं भक्तीचा आवाज यायला लागला. शब्द कळले नाहीत, दार जाड आहे आणि माझे कान आता पूर्वीचे राहिले नाहीत. मग मामी हसली. ते कळलं.

आता रोज अकरा ते बारा मी दाराबाहेर फरशीवर असणार, कानात काही न घालता. तिच्या डाव्या हाताशी ती वाटी ठेवली आहे, तीच, चेपलेली. वाजली तर ऐकू येईल. वरच्या ताजा कलमातलं काम रद्द समज. तुझी बोंडं वेगळ्या पार्सलनं परत पाठवतो आहे, रागावू नकोस. भोकं तुम्हाला पाहिजे तिथे हलवा, माझं काही म्हणणं नाही. पण ते बंद करायचं बटण ज्यानं तिथे बसवलं त्याला माझा नमस्कार सांग, आणि त्या बटणाला कुणाला हात लावू देऊ नकोस.