नळीवरची फुंकर

दि. ४ जून

चि. ठोंब्यास तुझ्या आजीचे अनेक आशीर्वाद.

सांगतेय मी, लिहितायत तुझे आजोबा. कंबरेखालचं अंग गेलं तरी अक्षर अजून पाट्या रंगवायच्या दिवसांतलंच आहे, आणि खोडीही. मी एक सांगते, हे दुसरंच सुधारून लिहितात. मला वाचता येत नाही, त्याचा पुरेपूर फायदा घेतात.

तुझ्या दोन्ही किडन्या बसल्या, ते रडून झालं. आता मानेतली ती तात्पुरती नळी फार दिवस ठेवता येणार नाही म्हणतात, तेव्हा दोनातलं एक ठरव. हाताच्या शिरेचं ऑपरेशन करून आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुवायचं, तर मशीन त्या शहरातच. म्हणजे तू तिथल्या भाड्याच्या खोलीत कायमचा, आमच्यावाचून एकटा. नाहीतर पोटात नळी बसवून पिशवीतलं पाणी रोज चार वेळा भरायचं आणि काढायचं. ते घरी होतं.

माझं ऐकशील तर पोटाचं घे आणि घरी ये. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचास, आणि तुझेच डोळे साखरेच्या आजारानं नेले, तेव्हा तुझ्या नजरेवर हे सोडता येणार नाही. आजोबांना एक हात टेकल्याशिवाय बसता येत नाही, तेव्हा पिशवीवरचं वाचायला ते, करायला माझे हात. दोघांत मिळून एक धड माणूस होतं.

आशीर्वाद आहेतच, शिवाय एक धपाटा उधार.

तुझी आजी


दि. ११ जून

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

जाड पेननं लिहितोय. दर पत्राला अक्षरं मोठी होत चाललीत, आजोबांना वाचायला तेवढंच बरं.

काल मशीनवरून उठलो आणि खोलीवर येताना जिन्यातच बसून राहिलो. खोलीतले बाकीचे कामावर जातात. मी दिवसभर पंख्याचा आवाज ऐकत पडतो. डॉक्टरांना विचारलं, दोन्ही नको म्हटलं तर काय. त्या म्हणाल्या, मग फार दिवस मिळणार नाहीत. मी बरं म्हणालो. रागावू नकोस आजी. घरी यायला मिळणार असेल तरच मी पुढचं काही करून घेईन. इथे एकट्यानं मशीनच्या वेळा सांभाळत जगायचं असेल, तर मला ते नको.

पिशव्या बदलणाऱ्या माणसाला आधी इथे येऊन सिस्टरसमोर एकदा सगळं करून दाखवावं लागतं. शेजारच्या काकूंना एक दिवस आजोबांजवळ बसव आणि ये. नखं कापून ये, नाहीतर सिस्टर दारातूनच परत पाठवतील.

आजोबांना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा ठोंब्या


दि. २४ जून

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

मी तिकडे शिकायला आले त्या दिवशी तू बाकावर बसून किती दिवसांनी हसत होतास. आजीला थोडा सराव हवा, एवढंच सिस्टरनी तुला सांगितलं. खरं झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून मी सांगते.

हात धुतले, चिमटा लावला, टोपण काढलं, सगळं बरोबर केलं. आणि नळी पिशवीला जोडायच्या ऐन वेळी तोंडावरचा मास्क खाली ओढून मी नळीच्या उघड्या तोंडावर फुंकर मारली. धूळ उडवायला! सिस्टरनी मला बाजूला नेलं. ती सरावाची नळी होती म्हणून निभावलं, म्हणाल्या. खरीवर अशी फुंकर म्हणजे पोटात पू, ताप, आणि कदाचित शेवटच.

घरी आल्यापासून रोज करून बघतेय. आजोबा खाटेवरून पहारा देतात. दोन-चार दिवस नीट जातं, मग ओठ आपोआप पुढे येतात. काल मास्क मानेमागे करकचून बांधला होता, तोही ओढला, आणि मला कळलंसुद्धा नाही. सुईत दोरा ओवताना, गरम दुधावर, तुझ्या खरचटलेल्या गुडघ्यांवर जन्मभर फुंकतच आले. आता हे तोंड कुणाचं ऐकत नाही. ते कधीच ऐकत नव्हतं, असं आजोबांनी आपल्या मनानं इथे घातलं असेल, तर असू दे.

तर ठोंब्या, पोटाचं नको. मशीन घे.

हे लिहायला आजोबा तयार नव्हते. पेन टाकून भिंतीकडे तोंड केलं. मी ते पुन्हा त्यांच्या बोटांत दिलं. ह्यांना सोडून मला तिकडे राहता येत नाही, आणि तुला इथे आणून माझ्याच तोंडानं मारता येत नाही. घरी यायला मिळणार असेल तरच, असं तू लिहिलंस. ते परत घे. मी कुणापुढे पदर पसरला नाही, तुझ्यापुढे पसरते. एकटा राहा, चिडचिड कर, मला शिव्या दे, पण राहा.

आशीर्वाद नेहमीचेच, ह्या खेपेला जोर जास्त समज.

तुझी आजी


दि. ८ जुलै

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

उत्तर दिलं नाही, कारण राग आला होता. तुझा नव्हता. कुणाचा, ते सापडत नव्हतं.

परवा शिरेच्या ऑपरेशनला डावा हात दिला. शीर तयार व्हायला महिना-दीड महिना लागेल, तोवर मानेतलीच नळी. मला हे आवडलेलं नाही, पुढे आवडेल असंही कबूल करत नाही. जिन्यात अजून बसावं लागतं.

शिरेतून रक्त नीट वाहतंय की नाही, ते रोज आपलं आपण तपासायचं असतं. बोट ठेवलं की थरथर लागते, कान लावला की गुरगुर. डोळ्यांचं काम नाही. सकाळी उठलो की मनगट कानाशी नेतो. मांजर उशाशी झोपल्यासारखं वाटतं. तू इथे असतीस तर तुझ्याही कानाला लावलं असतं.

आज ऐकलं. उद्या ऐकीन. त्यापुढचं विचारू नकोस, लोभ तेवढा असू दे.

तुझा ठोंब्या